देव गावाचा, नोंद सरकारची

गोव्यात देवस्थानाचा वाद उभा राहिला की तो मामलेदाराच्या कचेरीत जातो. देवळाचा कारभार पाहणारी समिती सरकारी देखरेखीखाली निवडली जाते, महाजनांची, म्हणजे देवळाच्या कारभारात वारशाने हक्क असलेल्यांची, नोंदवही कायद्याने ठरलेली असते. जत्रेतल्या मानावरून दोन गट हटून बसले, तर देवळाच्या किल्ल्या सरकारी अधिकाऱ्याच्या हाती जाण्याची वेळ येते. श्रद्धा आणि सत्ता यांचे हे नाते उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत फार स्पष्ट दिसते. इथे देवळे मोठ्या प्रमाणावर मोडली गेली नाहीत, धर्मांतराची लाट आली नाही, गावऱ्हाटी, म्हणजे गावाची परंपरागत मानपानाची व्यवस्था, बरीचशी शाबूत राहिली. तरीही, किंबहुना म्हणूनच, इथला देव कायम राजकारणाच्या मध्यभागी राहिला.

यामागचे पहिले कारण तारखांत सापडते. पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० मध्ये जिंकली, बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये त्यांच्या हाती पक्की आली. या भागाला ‘जुन्या काबिजादी’ म्हणतात. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास घेतली गेली, आणि सावंतवाडीकर भोसल्यांशी झालेल्या १७८८ च्या तहाने पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी पेडण्यातला हळर्णचा किल्ला जिंकला होता आणि त्या विजयाबद्दल व्हाइसरॉयला ‘मार्केस द आलोर्न’ हा किताब मिळाला. पण तो ताबा टिकला नाही. म्हणजे तिसवाडी पोर्तुगीज अमलाखाली साडेचारशे वर्षे होती, तर पेडणे पावणेदोनशेच्या आत. या ‘नव्या काबिजादी’ घेतल्या तेव्हा लिस्बनचे धोरण बदललेले होते. धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) १७७४ मध्ये एकदा बंद होऊन चार वर्षांनी पुन्हा सुरू झाले होते, पण त्याचा जुना दरारा उरला नव्हता. १८१२ मध्ये ते कायमचे मिटले. नव्या मुलखातल्या लोकांना त्यांची देवळे, चालीरीती आणि वतने राखण्याची हमी देण्यात आली.

ही हमी मोठी होती आणि तिचा फायदा खरा होता. मात्र तिच्यातून एक प्रश्न निघाला, तो आजही मिटलेला नाही. चालीरीती राखायच्या, तर त्या कोणाच्या? गावकऱ्यांच्या, देसायांच्या, की देवळात राबणाऱ्या गुरव, घाडी, कलावंतांच्या? देवस्थानच्या जमिनीचा धनी कोण? हस्तक्षेप करणार नाही असे म्हणणाऱ्या सरकारला हे आधी ठरवावे लागले, आणि जे ठरले ते कागदावर उतरवावे लागले. त्या कागदावर ज्याचे नाव चढले तो देवाचा माणूस झाला. ज्याचे चढले नाही तो पिढ्यान्पिढ्या त्याच देवापुढे हात जोडत असूनही कारभारातून बाहेर राहिला. पेडणे-डिचोलीच्या पुढच्या राजकारणाचा बराचसा उलगडा या नोंदीपाशी होतो.

पोर्तुगीज येण्यापूर्वीही इथे देव आणि राज्य वेगळे नव्हते. डिचोलीचे जुने नाव भतग्राम. जुन्या काबिजादीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा नदीपलीकडचा हा मुलूख आदिलशाही अमलाखाली होता, आणि देव घेऊन पळणाऱ्यांना तो आसरा ठरला. चोडण बेटावरचा देवकीकृष्ण आधी मयेला आला आणि नंतर माशेलला गेला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्यात आला. सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे नाव त्यांच्या बिरुदांत होते आणि नाण्यांवरही. त्यांचे राज्य गेल्यानंतर बहमनी काळात देऊळ पडले, विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभे केले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. नार्व्याच्या देवळाच्या दारावर शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीचा, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ चा शिलालेख आहे. शिवाजी महाराजांनी देवळाच्या जीर्णोद्धाराला हात घातला, त्याची ती नोंद. त्याच्या आदल्याच वर्षी, १६६७ मध्ये, महाराजांच्या फौजा बार्देशात शिरल्या होत्या. पोर्तुगीज हद्दीच्या समोरच्या काठावर, मोडलेल्या देवाचे देऊळ उभे करणे ही भक्ती होती आणि या मुलखावरचा हक्क सांगणेही होते. दोन्ही अर्थ एकाच दगडात आहेत, आणि एकाला खरा ठरवण्यासाठी दुसरा खोटा म्हणण्याची गरज नाही. या देवळाचे जतनकाम अलीकडे गोवा सरकारने केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते भाविकांसाठी खुले झाले. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीजांनी पाडलेली देवळे पुन्हा उभारण्यासाठी २० कोटी रुपयांची तरतूद झाली होती. कदंब, माधव मंत्री, शिवाजी महाराज आणि आजचे राज्य सरकार अशा चार सत्तांनी या एका देवाशी नाते जोडले.

डिचोली शहरातला नमाजगाह याच इतिहासाची दुसरी बाजू दाखवतो. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, तेव्हा त्याचा मुक्काम काही काळ डिचोलीत होता. ही वास्तू त्याच्या नावाशी जोडली जाते.

पेडण्याची गोष्ट थोडी निराळी. अठराव्या शतकात हा भाग सावंतवाडीच्या सत्तेत होता आणि माणसे बांदा-सावंतवाडीकडे तोंड करून जगत. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये त्याच काळातले. पालये गावाशी त्यांचे नाते सांगितले जाते आणि विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांच्याकडे सावंतवाडी दरबाराचे कुळकर्णीपण होते. ते सोडून ते नाथपंथी साधनेकडे वळले. पुढे ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांच्या दरबारात त्यांनी सत्तेपुढे मान तुकवली नाही, अशी आख्यायिका आहे. शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर हेही पेडण्यातल्या केरीचेच. एकाने दप्तर सोडले, दुसऱ्याने तलवार धरली. या भागातल्या माणसांना धर्म आणि राजकारण यांविषयी बोलण्याची सवय पोर्तुगीजांनी लावलेली नाही, हे यावरून दिसते.

पोर्तुगीज आल्यावर जी गोष्ट नवी आली ती म्हणजे छापील नियम. सत्तरी-सांखळीच्या भागात दीपाजी राण्यांचे बंड १८५२ मध्ये उठले आणि १८५५ पर्यंत चालले. ते चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १८५३ रोजी, नव्या काबिजादींतल्या रहिवाशांच्या चालीरीतींची संहिता मंजूर झाली. लग्न, वारसा, दत्तक, एकत्र कुटुंब यांविषयीचे रिवाज तिच्यात कलमांच्या रूपात आले आणि ती पोर्तुगीजबरोबर मराठीतही छापली गेली. पुढे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्याला लागू झाला आणि १८८० मध्ये हिंदूंच्या रिवाजांसाठी वेगळा हुकूम निघाला. आज देशभर समान नागरी कायद्याच्या चर्चेत गोव्याचे नाव येते, तेव्हा हा मधला सगळा इतिहास वगळला जातो.

देवस्थानांसाठी असाच कायदा आधी १८८६ मध्ये आणि नंतर ३० मार्च १९३३ रोजी आला. दुसऱ्याला गोव्यात ‘माझानींचा रेग्युलामेंत’ म्हणून ओळखतात. त्याने प्रत्येक देवळाच्या महाजनांची यादी केली, म्हणजेच कातालोग तयार केला. महाजनांनी समिती निवडायची. तिच्यात अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार असतात. जमाखर्च आणि अंदाजपत्रक सरकारी अधिकाऱ्यापुढे ठेवायचे. हा अधिकारी पूर्वी तालुक्याचा आदमिनिश्त्रादोर होता, १९६१ नंतर मामलेदार झाला. मुक्तीनंतर संसदेने केलेल्या १९६२ च्या कायद्याने गोव्यातले जुने कायदे बदलेपर्यंत चालू ठेवले, आणि देवस्थानांचा हा कायदा त्यांतून आजवर टिकून आहे.

या कायद्याचे चांगले काम मान्य करायला हवे. देवस्थानाच्या जमिनी परस्पर विकणे अवघड झाले, हिशेब ठेवावा लागला, निवडणूक घ्यावी लागली. पण त्याने एक जिवंत, लवचीक व्यवस्था एका क्षणी गोठवली. गावऱ्हाटीत मान ठरत असे तो देवाच्या कौलाने, गाऱ्हाण्याने, बारा जणांच्या संमतीने. दसऱ्याला पेडण्यात तरंगे, म्हणजे देवतांचे सजवलेले खांब, निघतात तेव्हा कोणी कुठे उभे राहायचे हे गाव जाणत असे, आणि काळानुसार त्यात बदलही होत असत. कातालोगात हे बदल उतरले नाहीत. महाजनपण वारशाने चालत राहिले, बहुतेक ठिकाणी बापाकडून मुलाकडे. देवळाचे वाजंत्री, सेवेकरी, पालखीचे भोई आणि त्या देवळाच्या जमिनी कसणारी कुळे हे सारे मात्र यादीबाहेर राहिले. अनेक देवळांत गाभाऱ्यापर्यंत कोण जाणार याची रेषाही याच यादीने आखली. भारतीय राज्यघटनेचा २५ वा अनुच्छेद सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार राज्याला देतो आणि २६ वा अनुच्छेद धार्मिक संप्रदायांना आपला कारभार पाहण्याचा हक्क देतो. गोव्यातले मानपानाचे खटले या दोन अनुच्छेदांच्या मधल्या जागेत लढले जातात.

नोंदीबाहेरच्या माणसाला दाद मागण्यासाठी विसाव्या शतकात एक नवी जागा मिळाली. ती वर्तमानपत्राची. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि २० एप्रिल १९११ च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे झाले. कॅथलिक धर्म राज्याचा धर्म राहिला नाही, हिंदूंना नागरी समानता मिळाली. पुढच्या काही वर्षांत गोव्यात वाचनालये, शाळा, संस्था आणि नियतकालिके भराभर उभी राहिली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये केप्यातून ‘भारत’ सुरू केले. हे पत्र नव्या काबिजादीतल्या हिंदू समाजाचा आवाज बनले. त्यात सरकारी अन्यायाची बातमी असे आणि समाजातल्या रूढींवर टीकाही असे. हेगडे देसाईंवर खटले भरले गेले, पत्राच्या वाटेत अडथळे आले, तरी १९४९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचा लढा सुटला नाही. दुसऱ्या बाजूला लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांनी ‘ओ देबाते’ आणि १९२८ पासून ‘प्रकाश’ या पत्रांतून धर्मनिरपेक्ष राज्याची बाजू पोर्तुगीजमध्ये मांडली. जन्माने कॅथलिक असलेला हा लेखक चर्चच्या सत्तेवर निर्भीडपणे लिहीत होता. पोर्तुगालच्या ‘कलोनियल अ‍ॅक्ट’ला विरोध करून त्यांनी १९३० मध्ये विधिमंडळात गोव्याचा स्वयंनिर्णयाचा हक्क मांडला. ‘प्रकाश’ १९३७ मध्ये बंद पडले.

ही माणसे का लिहीत होती, याचे उत्तर त्या काळाच्या रचनेतच आहे. मतदानाचा हक्क मूठभरांना होता. राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज, ती गावात एखाद-दुसऱ्यालाच यायची. देवळात बोलायचे तर महाजन असावे लागे, चर्चमध्ये बोलायचे तर पाद्री. आपली श्रद्धा काय आहे आणि आपले हक्क काय आहेत हे दोन्ही एका वाक्यात सांगता येईल अशी एकच जागा उरली, ती छापील कागदाची. त्यातूनच जातीअंतर्गत सुधारणेच्या चळवळीही पुढे आल्या. देवळांच्या सेवेत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या कलावंत आणि इतर सेवेकरी कुटुंबांनी ‘गोमंतक मराठा समाज’ १९२० च्या दशकात उभा केला. मुलींना देवाला वाहण्याची चाल बंद व्हावी आणि शिक्षण मिळावे, ही त्याची मागणी होती. देवाच्या नावावर आपल्यावर लादलेले काम नाकारताना या माणसांनी देवाला मात्र नाकारले नाही. गोव्याच्या सामाजिक इतिहासातली ही बाब अजून पुरेशी मांडली गेलेली नाही.

सालाझारच्या राजवटीत ही जागाही आक्रसली. प्रत्येक छापील मजकूर आधी सेन्सॉरकडे जाई. लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे, ही आठवण त्या पिढीने वारंवार सांगितली आहे. १९४० मध्ये पोर्तुगालने व्हॅटिकनशी करार केला आणि चर्चला पुन्हा राज्याजवळची जागा मिळाली. लिहिणारे मुंबई, बेळगाव, सावंतवाडीकडे सरकले. पेडणे तालुका सीमेवरचा, त्यामुळे सत्याग्रहींची वाट इथूनही गेली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोल किल्ल्यावर तिरंगा फडकवला. त्या किल्ल्यात सेंट अँथनीचे चर्च आहे, आणि ध्वज लावणाऱ्यांचा म्होरक्या ख्रिस्ती होता. पुढच्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवी येथे पंजाबातून आलेले कर्नैल सिंग बेनिपाल गोळीबारात हुतात्मा झाले. मुक्तिलढ्याला एका धर्माचा रंग देणाऱ्यांनी पेडण्याच्या या दोन ठिकाणांकडे पाहावे.

मुक्तीनंतर पहिली विधानसभा निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली. प्रत्येक प्रौढाला मत मिळाले आणि यादीबाहेरचे सारे लोक एका दिवसात यादीत आले. महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाने तीस जागांच्या सभागृहात चौदा जागा जिंकल्या, प्रजा समाजवादी पक्षाच्या दोन जागांसह त्यांचे सरकार बनले. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला होता. ते गोमंतक मराठा समाजातले, खाण व्यवसायात वर आलेले. भाटकारांचे (जमीनदारांचे) आणि महाजनांचे वर्चस्व ज्यांनी सोसले त्या कुळांना आणि मुंडकारांना (भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्यांना) त्यांच्यात आपला माणूस दिसला. नव्या काबिजादींतल्या बहुजन समाजाने या पक्षाला भरभरून मते दिली.

या मतामागे मराठी होती, महाराष्ट्रात विलीन होण्याची इच्छा होती, आणि जमीन होती. तिन्हींना जोडणारा धागा श्रद्धेचा होता. भजन, कीर्तन, दशावतार, पोथी, पालखी हे सारे इथे मराठीतून चालत आले. घरात कोकणी बोलणारा पेडणेकर देवापुढे मराठीत अभंग म्हणतो, हे बाहेरच्यांना विसंगत वाटते. त्याला तसे वाटत नाही. मराठी ही त्याच्यासाठी देवाची आणि शाळेची भाषा होती. बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९६४ चा कूळ कायदाही त्याच काळातला; १९७५ चा मुंडकार कायदा त्यांच्यानंतर आला. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. बाजूची मते मुख्यतः नव्या काबिजादींतून आली, आणि पेडणे त्यात आघाडीवर होते. विलीनीकरण हरले, तरी त्यानंतरच्या निवडणुकीत मगो पक्षच पुन्हा सत्तेवर आला. लोकांना सरकार हवे होते, केवळ सीमा बदलायची नव्हती, असा याचा अर्थ लावता येतो. ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी वापरात स्थान राहिले. हा वाद त्यानंतरही शमला नाही.

जमिनीच्या प्रश्नाचे मयेइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. डिचोली तालुक्यातले हे गाव पोर्तुगीज सरदार घराण्याच्या मालकीचे होते. मुक्तीनंतर घराणे निघून गेले, मालमत्ता ‘निर्वासितांची’ म्हणून सरकारच्या ताब्यात गेली, आणि ज्यांची घरे-देवळे त्या जमिनीवर होती ते गावकरी पन्नास वर्षे स्वतःच्या गावात परके राहिले. २०१४ च्या कायद्याने तो मालकीहक्क संपवला, त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले.

डिचोली तालुक्यातल्याच शिरगावात देव, जमीन आणि सत्ता यांचा गुंता सर्वांत दाट आहे. वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा भरते. व्रत पाळलेले हजारो धोंड हातात वेताची काठी घेऊन येतात आणि पहाटेच्या सुमारास होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. हे धोंड गोव्याच्या अनेक तालुक्यांतून आणि सिंधुदुर्गातूनही येतात, एकाच जातीचे नसतात. लईराई ही सात बहिणींपैकी एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय या तिच्या बहिणी, आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण हीही त्यांच्यातलीच, असे लोक मानतात. म्हापशाच्या फेस्ताला शिरगावच्या देवळातून तेल जाते. पेडणे आणि डिचोलीतल्या माणसाचा धर्म समजून घ्यायचा तर पक्षांच्या जाहीरनाम्यांपेक्षा या नात्याकडे अधिक लक्ष द्यावे लागेल. धर्मांतराने दुरावलेल्या गावांशीही लोकांनी देवीच्या रूपाने नाते टिकवून ठेवले.

त्याच शिरगावच्या भोवती लोहखनिजाच्या खाणी आहेत. खाणींच्या खोदाईमुळे विहिरी आटल्याची तक्रार गावाने न्यायालयापर्यंत नेली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव सुरू झाले आणि पहिल्या गटांत डिचोली तालुक्यातलेही पट्टे होते. आमची घरे, शेते, तळी आणि देवळे पट्ट्याबाहेर ठेवा, ही गावांची मागणी तेव्हापासून चालू आहे. इथे देऊळ हा धर्माचा मुद्दा राहत नाही. गावाची हद्द दाखवण्याचा तो शेवटचा पुरावा ठरतो. मे २०२५ मध्ये लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचा बळी गेला. गर्दीचे नियोजन देवस्थान समितीचे की प्रशासनाचे, हा प्रश्न तेव्हा सगळीकडून विचारला गेला. दोघांच्या अधिकारांची सरमिसळ १८८६ पासून असल्यावर उत्तर एका ठिकाणी सापडणे अवघडच होते.

निवडणुकीच्या राजकारणात देवाचा उपयोग कसा होतो, याचे अलीकडचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण संपूर्ण गोव्याचे आहे. २२ जानेवारी २०२२ रोजी काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मी देवळात, बांबोळीच्या खुरसापुढे आणि बेतीच्या दर्ग्यात पक्षांतर न करण्याची शपथ घेतली. १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्या पक्षाच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला. घटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले की अपात्रता टळते, आणि देवापुढच्या शपथेला तिथे काही वजन नाही. गावात मात्र वजन आहे. कौल लावून दिलेला शब्द मोडणाऱ्याला पेडण्यातल्या कोणत्याही वाड्यावर जाब विचारला जातो, आणि म्हणूनच मतदाराला या घटनेने कायद्याच्या पलीकडे जाऊन दुखावले.

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ (३) कलमाने धर्माच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ही बंदी उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्मालाही लागू केली. नारळ फोडून प्रचार सुरू करणे आणि धर्माच्या आधारावर मत मागणे यांतली रेषा यामुळे अधिक स्पष्ट झाली. सामान्य नागरिकाला या विषयांवर लिहायचे असेल तर भारतीय न्याय संहितेचे २९९ वे कलम माहीत हवे. धार्मिक भावना जाणूनबुजून आणि द्वेषाने दुखावणे हा त्याखाली गुन्हा आहे. देवस्थानाचा हिशेब मागणे, समितीच्या निवडणुकीवर टीका करणे, महाजनांची यादी कशी बनली हे विचारणे, देवळाच्या जमिनीचे व्यवहार तपासणे हा गुन्हा नाही. १९३३ च्या कायद्यानुसार हे सारे सरकारी देखरेखीखालचे, म्हणून सार्वजनिक व्यवहार आहेत.

सध्या प्रश्न येतो तो त्या कायद्याच्या बदलाचा. मुलींनाही महाजन म्हणून नोंदवावे, सेवेकरी कुटुंबांना समितीत जागा असावी, कातालोग काही ठरावीक वर्षांनी तपासला जावा, मानपानाच्या वादासाठी मामलेदाराऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, या मागण्यांना आधार आहे. समानतेची हमी घटनेने दिली आहे आणि देवस्थानचा कारभार समाजाचा आहे, हे दोन्ही मुद्दे त्यांच्या बाजूने आहेत. विरोधी बाजूही ऐकण्यासारखी आहे. नोंद सैल झाली तर सत्ताधारी पक्ष आपल्या माणसांना महाजन करील आणि देवस्थानाच्या जमिनीवर त्यांचा डोळा जाईल, ही भीती निराधार नाही. म्हणून बदल करायचा तर नोंद कोण करणार, तिला हरकत कोण घेणार आणि तिचा निवाडा किती दिवसांत होणार, हे कायद्यातच लिहिले जायला हवे.